दात सुटे, ओठ मिटलेले : जबड्याचा ताण आणि दुखणं समजून घेऊ या

विषयाला हात घालण्याआधी एक छोटीशी पाहणी करू या. आहात तसेच बसून राहा, काही बदलू नका. फक्त लक्ष द्या. या क्षणी तुमचे वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले आहेत का? जीभ कुठे आहे? खांदे कानांकडे ओढले गेलेत का?

हा प्रश्न विचारला की बरेच जण पटकन जबडा सैल सोडतात आणि हसतात. म्हणजे तो आवळलेला होता आणि त्यांना पत्ताच नव्हता. आजचा सगळा विषय या 'पत्ताच नव्हता'भोवती फिरणार आहे.

जबड्याचं दुखणं हे फार फसवं दुखणं आहे. ते कानात जाणवतं, म्हणून माणूस कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जातो. तिथे कान स्वच्छ निघतो. मग कानशिलं ठणकतात, म्हणून डोकेदुखीच्या गोळ्या सुरू होतात. कधी ते मागच्या दाढेत जाणवतं. एक्स-रेमध्ये दाढ चांगली दिसते, तरी रुग्ण म्हणतो, "डॉक्टर, हीच दुखतेय, काढून टाका." कधीकधी ती खरंच काढली जाते, आणि दुखणं मात्र तिथेच राहतं. चांगली दाढ गेली, पैसे गेले, वेळ गेला. आम्ही दंतवैद्य आणि फिजिओथेरपिस्ट मिळून असे रुग्ण पाहतो, तेव्हा सगळ्यात जास्त हळहळ याचीच वाटते : जे साध्या उपायांनी बरं होण्यासारखं होतं, त्यासाठी परत न येणारी गोष्ट गमावली गेली. हे टाळता यावं म्हणून आजचं व्याख्यान.

सांधा कुठे असतो आणि कसा चालतो

दोन्ही हातांच्या तर्जन्या कानाच्या भोकाच्या अगदी पुढे ठेवा. आता तोंड हळूच उघडा आणि मिटा. बोटाखाली काहीतरी सरकतंय ना? तो जबड्याचा सांधा. खालच्या जबड्याच्या हाडाचं गोलसर टोक कवटीच्या एका खोबणीत बसतं आणि दोघांच्या मध्ये एक लवचिक चकती असते. इंग्रजी आद्याक्षरांवरून डॉक्टर या सांध्याला 'टीएमजे' म्हणतात, आणि या भागाच्या दुखण्यांना मिळून 'टीएमडी'.

या सांध्याची दोन वैशिष्ट्यं लक्षात ठेवू या. पहिलं, तो दोन कामं करतो. तोंड सुरुवातीला उघडतं तेव्हा हाड बिजागरीसारखं जागच्या जागी फिरतं. साधारण दोन-अडीच सेंटिमीटर उघडल्यावर ते पुढे सरकायला लागतं, आणि चकती त्याच्याबरोबर सरकते. दुसरं, खालचा जबडा हे एकच हाड असल्यामुळे डावा आणि उजवा सांधा जोडीनेच चालतात. एका बाजूला अडलं की दुसरीलाही भरपाई करावी लागते. म्हणून कित्येकदा तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला वळताना दिसते.

आता स्नायू. हात गालांवर ठेवा, दात जरा दाबा आणि सोडा. बोटांखाली जो गोळा फुगला तो 'मॅसेटर'. हात कानशिलांवर न्या, पुन्हा दाबा. तिथेही हालचाल जाणवते. तो पंख्यासारखा पसरलेला 'टेम्पोरॅलिस'. आतल्या बाजूला आणखी दोन स्नायू असतात, ते बाहेरून नीट हाताला लागत नाहीत. म्हणजे दात आवळले की कानशिलाचा स्नायूही आवळला जातो. दिवसभर आवळला गेला तर संध्याकाळी डोकं दुखेल की नाही, तुम्हीच सांगा.

आणि दुखणं कानात किंवा दाढेत का जाणवतं? दात, हिरड्या, जबड्याचे स्नायू, सांधा आणि कानाचा काही भाग या सगळ्यांच्या संवेदना प्रामुख्याने ट्रायजेमिनल नावाच्या एकाच मोठ्या मज्जातंतूतून मेंदूकडे जातात. एकाच वाड्यातल्या अनेक खोल्यांची घंटा एकच असावी तसं. घंटा वाजते हे कळतं, पण कोणत्या खोलीतून हे नक्की कळत नाही. रुग्ण खोटं बोलत नसतो. त्याला दाढेतच दुखत असतं, पण दुखण्याचा उगम गालाच्या स्नायूत असतो.

दातांनी दिवसभरात किती वेळ भेटायचं?

हा प्रश्न विचारला की लोक म्हणतात, तोंड मिटलेलं असतं तेव्हा दात टेकलेलेच असणार. इथेच गंमत आहे. निवांत बसलेल्या माणसाचे ओठ मिटलेले असतात, पण वरच्या आणि खालच्या दातांमध्ये दोन ते चार मिलिमीटरची फट असते. दात खरे भेटतात ते चावताना आणि गिळताना. हे सगळे क्षण एकत्र केले तर चोवीस तासांत जेमतेम वीस मिनिटांच्या आसपास भरतात.

आता कल्पना करा. संगणकासमोर आठ तास. दुचाकीवर खड्डे चुकवत तासभर. लोकलच्या गर्दीत उभं राहून दीड तास. मुलांचा अभ्यास घेताना, रागाने शब्द गिळताना. या सगळ्या वेळात दात टेकलेले असतील तर वीस मिनिटांच्या कामासाठी असलेल्या स्नायूंवर आपण तासन् तास ओव्हरटाइम लादतो. जोर फार लागतो असंही नाही. हातात पाण्याची बाटली धरून हात आडवा पसरा. बाटली जड नसते, पण पाच मिनिटांत खांदा भरून येतो. थकवतं ते सतत धरून ठेवणं. अमेरिकेत १९९०च्या दशकात काही निरोगी स्वयंसेवकांवर प्रयोग झाले. त्यांना रोज थोडा वेळ जबड्याचे स्नायू किंचित आवळून धरायला शिकवलं, आणि काही दिवसांतच त्यातल्या काहींना जबड्याचं खरंखुरं दुखणं सुरू झालं.

आपल्या भाषेला हे कधीचं ठाऊक आहे. राग आला की आपण 'दातओठ खातो', सहन करायचं असेल तर 'दातओठ आवळून' सहन करतो. झोपेत दात वाजवणाऱ्या मुलाबद्दल आई म्हणते, "झोपेत दात खातो." वैद्यकात या सगळ्याला मिळून 'ब्रुक्सिझम' म्हणतात. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी एक महत्त्वाची गोष्ट ठरवली : जागेपणी दात आवळणं आणि झोपेत दात खाणं या दोन वेगळ्या गोष्टी मानायच्या. जागेपणीची ती सवय, लक्ष दिलं तर बदलता येणारी. झोपेतली हालचाल मेंदूच्या झोप-जागेच्या चक्राशी जोडलेली, आपल्या हुकमाबाहेरची. आणि झोपेत दात खाणारे कितीतरी जण कुठलंही दुखणं न होता आयुष्य काढतात. म्हणून "तुम्ही रात्री दात खाता, म्हणूनच दुखतं" हे सरसकट विधान बरोबर नाही.

पण एक गैरसमज होऊ देऊ नका. ताणाचा संबंध आहे म्हणजे दुखणं मनाचं आहे, असं नव्हे. दुखणं स्नायूत आणि सांध्यात असतं, अगदी खरं असतं. ताण, अपुरी झोप, शरीरातली इतर दुखणी ही त्या दुखण्याचा आवाज वाढवणारी बटणं आहेत. अमेरिकेत हजारो लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारा 'ओपेरा' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात दिसलं की ज्यांना पुढे जबड्याचं दुखणं झालं त्यांची झोप आधीच बिघडायला लागली होती. हे दुखणं पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये जास्त दिसतं, आणि जास्त करून विशी ते चाळिशीच्या वयात.

चुकीच्या उत्तरांचा इतिहास

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण तो आजही आपल्या खिशाला आणि दातांना भिडतो.

१९३४ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईसचे कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टेन यांनी अकरा रुग्णांवरून एक मत मांडलं. मागच्या दाढा गेल्या की जबडा जास्त मिटतो, सांधा मागे दाबला जातो आणि कानाच्या व डोक्याच्या तक्रारी सुरू होतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांचं शरीरशास्त्र पुढे चुकीचं ठरलं, पण एक गोष्ट मागे राहिली : दोष दातांच्या ठेवणीत आहे ही समजूत. मग पुढची कित्येक दशकं दात घासून 'चावा जुळवणं', सगळ्या दातांना कॅप घालणं, दुखण्यासाठी तारा लावणं हे सुरू राहिलं.

१९७६ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. पंचवीस रुग्णांना सांगितलं, तुमचा चावा घासून जुळवतो. प्रत्यक्षात दात घासल्याचं नुसतं नाटक केलं, दातांना धक्काही लावला नाही. पंचवीसपैकी सोळा जणांचं दुखणं पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गेलं! म्हणजे ज्या उपायाला यश मिळतंय असं वाटत होतं, त्यातलं बरंचसं यश विश्वासाचं, दिलाशाचं आणि उतरत जाणाऱ्या दुखण्याचं होतं. घासलेलं दाताचं कवच मात्र परत उगवत नाही.

याहून दुःखद प्रकरण १९८०च्या दशकातलं. सांध्यातली चकती काढून तिच्या जागी प्रोप्लास्ट-टेफ्लॉन नावाच्या कृत्रिम पदार्थाचे तुकडे बसवले जायचे. चावण्याच्या दाबाखाली ते झिजले, त्यांचे कण आजूबाजूला पसरले आणि हाड खाल्लं गेलं. १९९०च्या अखेरीस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने धोक्याचा इशारा दिला आणि १९९१ मध्ये ते परत मागवले गेले. तोवर अनेक रुग्णांना आयुष्यभराचं अपंगत्व आलं होतं.

आज विज्ञान कुठे आहे? २०२३च्या अखेरीस 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात जुनाट जबडादुखीसाठी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आल्या. ठाम शिफारस कशाची? दुखण्याची नीट माहिती आणि धीर, घरचे व्यायाम, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली जबड्याचे आणि बसण्या-उभं राहण्याच्या ठेवणीचे व्यायाम, हाताने केलेले स्नायूंचे उपचार आणि विचार-सवयी बदलायला मदत करणारं समुपदेशन. ठाम विरोध कशाला? चावा कायमचा बदलणाऱ्या पट्ट्यांना आणि चकती काढण्याच्या शस्त्रक्रियेला.

यातून एक नियम घरी घेऊन जा : जे मागे घेता येतं ते आधी. जे मागे घेता येत नाही, त्याची घाई नको.

आधी हे तपासा : प्रत्येक जबडादुखी साधी नसते

घरगुती उपायांकडे वळण्याआधी थांबू. काही दुखण्यांत वाट बघणं धोक्याचं आहे.

हृदय. चालताना किंवा जिना चढताना जबडा दुखतो आणि थांबलं की कमी होतो, किंवा जबड्याबरोबर छातीत दाब, घाम, धाप, मळमळ असेल, तर दंतवैद्याकडे जायचं नाही. १०८ला फोन करून थेट रुग्णालय गाठायचं. स्त्रियांमध्ये छातीत फारसं न दुखता जबडा, मान किंवा पाठ दुखणं हेही हृदयविकाराचं लक्षण असू शकतं.

सूज आणि ताप. गालाला किंवा जबड्याखाली सूज, ताप, गिळायला त्रास, तोंड उघडेना, हा दाताचा किंवा घशाचा जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दाखवा. जखम झाल्यानंतर काही दिवसांनी दातखीळ बसायला लागली तर धनुर्वाताची शंका घ्यायची आणि लगेच रुग्णालयात जायचं.

पन्नाशीनंतरची नवी कानशीलदुखी. चावताना जबडा भरून येतो, कानशिलाला हात लावला तरी दुखतं, कंगवा फिरवता येत नाही, नजर धूसर होते. हा रक्तवाहिन्यांच्या सुजेचा आजार असू शकतो आणि उपचाराला उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

विजेसारखी कळ. तोंड धुताना, दात घासताना, वाऱ्याची झुळूक लागली तरी काही सेकंदांची झणझणीत कळ येते आणि जाते. हे मज्जातंतूचं दुखणं आहे. त्याची औषधं वेगळी, त्यासाठी दाढा काढायच्या नाहीत.

आणि आता आपल्याकडचा सगळ्यात मोठा मुद्दा : सुपारी. तोंड हळूहळू कमी उघडायला लागलंय, तिखट खाल्लं की आग होते, गालाच्या आतली कातडी पांढरट आणि ताठर लागते. हे सांध्याचं दुखणं नाही. सुपारी, मावा, खर्रा, गुटखा यांमुळे गालाच्या आतल्या थराखाली तंतू तयार होतात आणि तोंडाला आतून गाठोडं बांधल्यासारखं होतं. डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये या विकाराला 'सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव दिलं. केरळमधल्या रुग्णांच्या सतरा वर्षांच्या पाठपुराव्यात त्यातल्या सात ते आठ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाल्याचं आढळलं. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण साधी सुपारी, अगदी बिनतंबाखूचीसुद्धा, निरुपद्रवी नाही. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेने २००४ मध्ये तिला कर्करोगकारक ठरवलं.

यासाठी घरच्या घरी करायची चाचणी सोपी आहे. आपल्याच हाताची मधली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांमध्ये घालून बघा. साधारणपणे ती मावतात, म्हणजे चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त तोंड उघडतं. मावत नसतील तर तपासून घ्या. कित्येकांना हे पहिल्यांदा कळतं ते ठेल्यावर. पूर्वी सहज जाणारी पाणीपुरी आता तोंडात मावत नाही. "जबडा आखडलाय" म्हणून सोडून देऊ नका. आणि सुपारी आजच बंद.

आता उपाय

वरच्यापैकी काही नाही, आणि दुखणं गालात, कानशिलात, कानापुढे आहे, चावताना-बोलताना वाढतं. मग साधारण चार ते सहा आठवडे या गोष्टी नेटाने करायच्या.

पहिलं, जबड्याची विश्रांतीची जागा. 'आम' असा शब्द हळूच म्हणा आणि 'म'वर थांबा. ओठ मिटले, दात सुटेच राहिले. आता जिभेचं टोक 'न' म्हणताना जिथे टेकतं तिथे, वरच्या पुढच्या दातांच्या मागे, अलगद ठेवा. श्वास नाकाने. हीच ती जागा. ओठ मिटलेले, दात सुटे, जीभ वर.

हे दिवसभर लक्षात कसं राहणार? घरातल्या टिकलीच्या पाकिटातल्या दहा-बारा टिकल्या घ्या. एक मोबाइलच्या पाठीवर, एक संगणकाच्या कडेला, एक आरशावर, एक गाडीच्या हँडलजवळ, एक स्वयंपाकघरात ओट्यासमोर. टिकली दिसली की एकच प्रश्न : दात टेकलेत का? टेकले असतील तर सोडा, खांदे खाली टाका, एक लांब श्वास सोडा. स्वतःवर चिडू नका, चिडलात की पुन्हा दात आवळणार. पहिल्या आठवड्यात लक्षात येईल की दात ठरावीक वेळी आवळले जातात. कुणाचे ईमेल लिहिताना, कुणाचे भाजी चिरताना, कुणाचे एखादा विशिष्ट फोन आला की! ती वेळ सापडली की अर्धं काम झालं.

दुसरं, खाणं. दोन-तीन आठवडे जबड्याला रजा द्यायची, पण उपास नाही. मऊ भात, खिचडी, उपमा, आमटीत कुस्करलेली भाकरी, शिजलेल्या भाज्या, अंडं, पनीर. ऊस, चिक्की, कडक लाडू, मक्याचं कणीस, बर्फ आणि च्युइंगगम बंद. वडापाव, सफरचंद तुकडे करून. दोन्ही बाजूंनी चावा. नखं कुरतडणं, पेन चावणं, दोरा दाताने तोडणं, केसांच्या पिना दातात धरणं, दाताने झाकणं उघडणं, या छोट्या सवयीही सोडायच्या.

तिसरं, शेक आणि मसाज. गरम पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल गाल आणि कानशिलांवर पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा. कातडी भाजणार नाही इतपतच गरम. त्यानंतर बोटांच्या टोकांनी गालाच्या स्नायूवर हलक्या गोल फिरत्या हालचाली, एक-दोन मिनिटं. दुखऱ्या जागेवर जोर काढायचा नाही. मार लागून ताजं दुखत असेल तर पहिले दोन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ.

चौथं, व्यायाम. जीभ टाळूला टेकलेली ठेवून तोंड उघडायचं, जीभ सुटणार नाही इतकंच. हळू मिटायचं. सहा वेळा. असं दिवसातून पाच-सहादा. आरशासमोर करा आणि हनुवटी सरळ रेषेत जाते का बघा. यात सांधा सरकण्याच्या टप्प्यावर न जाता फक्त बिजागरीसारखा फिरतो. दुखणं वाढलं तर थांबा. मोठी जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरा, जीभ टाळूला लावा.

पाचवं, झोप आणि मान. पालथं झोपून गाल उशीत दाबू नका. फोन कान आणि खांद्यात अडकवून बोलू नका. मान पुढे काढून तासन् तास मोबाइल पाहिला तरी जबड्याचे स्नायू ताणले जातात. रात्री उशिराचा चहा-कॉफी, दारू, सिगारेट यांमुळे झोपेत दात खाणं वाढू शकतं. जोरात घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर झोपेतल्या श्वासाच्या अडथळ्याची तपासणी करून घ्या.

वेदनाशामक गोळी लागलीच तर डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस. मूत्रपिंड, अ‍ॅसिडिटी, रक्तदाब यांचा त्रास असणाऱ्यांनी स्वतःहून अजिबात नाही. नैराश्यावरच्या काही औषधांमुळे दात आवळले जातात. तसं वाटलं तर लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोला, गोळी परस्पर बंद करू नका.

सहा आठवड्यांत उतार नाही, तोंड उघडणं कमी झालंय किंवा जबडा अचानक अडकलाय, तर दंतवैद्य, मुख-जबडा तज्ज्ञ किंवा या कामाची माहिती असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. अडकलेल्या जबड्यासाठी सहा आठवडे थांबायचं नाही, त्याच आठवड्यात दाखवा. तोंड उघडं राहून मिटतच नसेल तर लगेच. घरी ओढाताण नको. आणि कुणी दाढ काढायला, दात घासायला, कॅपा घालायला सुचवलं तर शांतपणे तीन प्रश्न विचारा : निदान काय आहे? हा उपाय नंतर मागे घेता येतो का? आधी साधे उपाय करून पाहिले तर काय बिघडेल? चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*तोंड उघडताना कट् असा आवाज येतो, पण दुखत नाही. काय करू?*

काही नाही. चकती किंचित जागेवरून हलून परत बसते, त्याचा तो आवाज असतो. पुष्कळ लोकांना असतो आणि दुखत नसेल, अडत नसेल तर उपचाराची गरज नाही. मुद्दाम आवाज काढून बघत बसू नका, एवढंच.

*नातू झोपेत दात खातो. जंताचं औषध द्यायचं का?*

जंतांचा आणि दात खाण्याचा संबंध आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो, पण नुसतं दात खाणं हा जंतांचा पुरावा नाही. लहान मुलांत हे अगदी सर्रास असतं आणि बहुतेकांचं मोठं होताना आपोआप थांबतं. घोरणं, तोंडाने श्वास, दात फार झिजणं किंवा सकाळी गाल दुखणं असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

*नाइट गार्ड घालावं का? ऑनलाइन स्वस्त मिळतं.*

नाइट गार्ड दातांची झीज थांबवतं, ते त्याचं खरं काम. दुखणं बरं करण्याची खात्री ते देत नाही. जुनाट दुखण्यात त्याचा भरवसा कमी, असंच २०२३च्या सूचनाही सांगतात. दात झिजत असतील तर दंतवैद्याकडून मापाने, सगळे दात झाकणारं करून घ्या आणि फक्त रात्री वापरा. बेमापी किंवा अर्धवट गार्ड महिनोन् महिने घातलं तर दात सरकून चावाच बदलू शकतो.

*बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल ऐकतो.*

त्याने स्नायू काही महिने दुबळा होतो. परिणाम तात्पुरता, खर्च बराच, आणि सवय तशीच राहते. तो पहिला उपाय नव्हे.

*हे पूर्ण बरं होतं का?*

बहुतेकांचं पुष्कळ कमी होतं, अनेकांचं जातं. परीक्षा, लग्नकार्य, आजारपण, नोकरीची धावपळ आली की ते कधीमधी डोकं वर काढतं. तेव्हा घाबरायचं नाही. शेक, मऊ खाणं, टिकल्या पुन्हा चिकटवायच्या. या वेळी दुखणं कुठून येतंय हे तुम्हाला माहीत असतं, आणि त्यामुळेच ते लवकर उतरतं.

आज घरी गेल्यावर दोनच गोष्टी करा. तीन बोटांची चाचणी घरातल्या प्रत्येकाची घ्या, सुपारी खाणाऱ्यांची आधी. आणि पहिली टिकली मोबाइलच्या पाठीवर लावा.